चाळीस तास घोटलेली पूड

"थांबू नगा ताई. खलाचा आवाज थांबला की मला लई एकलं वाटतंय," हौसाबाई दारातून म्हणाल्या.

मी थांबले होते ते मनगट भरून आलं होतं म्हणून. तरी पुन्हा बत्ता उचलला आणि घोटायला लागले. हौसाबाईंनी मान हलवली आणि कॉरिडॉरची फरशी पुसायला गेल्या. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, मागच्या अंगाला, भट्टीच्या खोलीच्याही आत आमची ती खोली होती. खिडकी एकच, तीसुद्धा कंपाउंडच्या भिंतीकडे उघडणारी. दिवसभरात तिथे फिरकणारं माणूसही एकच, फडकं आणि बादली घेतलेल्या हौसाबाई.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. अकोल्याहून इतक्या लांब पीएच.डी. करायला आलेली, आणि साडेतीन वर्षांत हाताला काहीएक न लागलेली. खलात जी फिकट पिवळी पूड होती ती सिरियम ऑक्साइड. तिची वडी दाबायची, भट्टीत चौदाशे अंशांना भाजायची, मग तापवून तिच्यातून वीज किती जाते ते मोजायचं. भाजली की ती चिनी मातीच्या बशीसारखी होते, आणि बशीतून कुठली वीज जायला! पण या ऑक्साइडात दुसऱ्या एखाद्या धातूची चिमूटभर भेसळ केली की ते तापल्यावर चांगली वीज वाहून नेतं. आमच्यात त्याला डोपिंग म्हणतात. साऱ्या जगात लोक डोपिंग करत होते आणि आमचे डॉ. नाडगौडा सर म्हणत होते की भेसळ नकोच.

"इंगोले, शुद्ध पूड घ्या. हाताने घोटा. चाळीस तास," सर म्हणायचे. "कण इतका बारीक झाला पाहिजे, की वीज त्याच्या कडेकडेने जाईल. भेसळ करून कोणीही दाखवेल हो, शुद्ध पदार्थातून दाखवा!"

सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. माझी शिष्यवृत्ती डिसेंबरात संपणार होती. मुदतवाढीचा अर्ज सरांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता, कारण अर्जात एक रकाना होता, 'आजवरचे निष्कर्ष', आणि त्यात लिहायला माझ्याजवळ काही नव्हतं. सही झाली नाही तर अकोल्याला दादाकडे परत. दादाच्या घरी माझी खाट कुठे टाकायची यावरून वहिनीचं आणि त्याचं आधीच एकदा वाजलं होतं. तेव्हा मी घोटत होते. दुसरं काय करणार?

एकदा हौसाबाई बादली टेकवून चक्क आत येऊन बसल्या. "ताई, रोज बगते मी. ह्यातनं वीज जानार व्हय? ह्या पिठातनं?"

मला बोलायला कुणी हवंच होतं. मी बत्ता खाली ठेवला. "हौसाबाई, एस्टी गच्च भरलीय असं समजा. सगळ्या जागा भरलेल्या. कुणाला जागचं हलता येईल का?"

"कशाचं हलतंय!"

"तसंच यात आहे. ऑक्सिजनच्या सगळ्या जागा भरलेल्या. पण सिरियमच्या जागेवर कॅल्शियमसारखा दुसरा कुणी येऊन बसला, तर तो आपल्याबरोबर ऑक्सिजन कमी आणतो. मग एक जागा रिकामी राहते. शेजारचा तिथे सरकतो, त्याच्या जागेवर त्याच्या पलीकडचा येतो. हे सरकणं चालू झालं म्हणजे वीज चालू झाली."

"आन् तुमचं सर काय म्हनत्यात?"

"सर म्हणतात, परका कुणी नको. नुसतं घोटूनच जागा होईल."

हौसाबाईंनी जरा विचार केला. "न्हाई हुयाची," त्या म्हणाल्या. "परकं मानूस आल्याबिगर जागा कोन करून देतंय?" आणि उठून गेल्या. साडेतीन वर्षांत माझ्या विषयावर मला कुणी इतकं स्पष्ट मत दिलं नव्हतं.

हौसाबाईंचे यजमान याच विभागात प्रयोगशाळेत मदतनीस होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागेवर अनुकंपा म्हणून हौसाबाईंना घेतलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. गळ्यात काही नाही, कपाळ मोकळं, हातात एकेक काचेची बांगडी, तीही हिरवी नव्हे. बाकीच्या बायका चहाला एकत्र बसायच्या, या आपल्या जिन्याखाली बादलीशेजारी कप घेऊन बसत. मला ते दिसत होतं. पण मीही माझा कप घेऊन खोलीतच बसायची, त्यामुळे कुणाला काय बोलणार?

त्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी दादाचं पत्र आलं. 'आम्ही सगळे तिरुपतीला जात आहोत. तू येऊ नकोस, घर बंद राहील.' सगळे म्हणजे मी सोडून सगळे. मी पत्राची घडी करून वहीत घातली आणि नवीन पूड घोटायला घेतली. सुट्टीत हॉस्टेलची मेस बंद, विभागात चिटपाखरू नाही. रोज सहा-सात तास घोटून खंडेनवमीच्या सकाळपर्यंत अडतीस तास झाले. माझ्या तळव्याला दोन फोड आले होते, त्यातला एक फुटलाही होता.

खंडेनवमीला विभागातल्या यंत्रांची पूजा व्हायची. ती स्टोअरकीपर मुळीकांच्या हातून, दरवर्षी, सोवळं नेसून. लेथला हार, ड्रिलला हार, भट्टीच्या दाराला हळदकुंकवाची बोटं. मुळीक माणूस तसा वाईट नाही, पण पूजेच्या दिवशी त्यांच्या अंगात शंकराचार्य यायचे. मी वर्कशॉपच्या दाराशी उभी राहून आरती म्हटली, पेढा घेतला. हौसाबाई मागे, जिन्यापाशी उभ्या होत्या. मुळीकांनी त्यांना पेढा शिपायाकरवी पाठवला.

माझं डोकं फार दुखायला लागलं. खलातल्या पुडीवर बटर पेपर झाकला, खोलीची किल्ली नेहमीप्रमाणे हौसाबाईंकडे दिली आणि हॉस्टेलवर जाऊन पडले. दुसरा दिवस दसऱ्याचा. आपट्याची पानं द्यायला कुणी नव्हतं आणि घ्यायलाही. मी दिवसभर झोपले.

एकादशीच्या सकाळी खोलीत आले, कागद काढला आणि उरलेले दोन तास घोटलं. त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली होती. ती सांगायला मला जरा धीर करावा लागतो, म्हणून मागे ठेवते.

चाळीस तास पुरे झाले. वडी दाबली, भाजली, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप लावून तारा जोडल्या, आणि तापमान चढत जाताना मीटरवरचे आकडे लिहायला लागले. पाचशे अंशांवर मी पेन खाली ठेवलं. तारा तपासल्या. पुन्हा मोजलं. आधीच्या सगळ्या वड्यांपेक्षा ही वडी शंभरपट वीज नेत होती.

सरांना बोलवायला मी कॉरिडॉरमधून पळाले. एकोणतीस वर्षांची घोडी, पण पळाले! सर आले, मीटरकडे बघत राहिले, चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

"शुद्ध?" त्यांनी विचारलं.

"शुद्ध, सर."

"दुसरं काही नाही?"

"काही नाही, सर."

माझ्या पाठीवर त्यांनी थाप मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चाळीस वर्षं त्यांना लोक हसले होते. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशांनी पेढे आणले आणि जिन्याखाली जाऊन हौसाबाईंनाही स्वतः दिले. हौसाबाई माझ्याकडे बघून इतक्या खुलून हसल्या की मला वाटलं, या बाईला माझ्याहून जास्त आनंद झालाय.

मग सर म्हणाले, "आता आणखी दोन वड्या करा. तिन्ही जुळल्या की सही."

मी दुसरी पूड चाळीस तास घोटली. वीज जाईना. तिसरी पन्नास तास घोटली. कसलं काय! बशी ती बशीच. सर खोलीत येऊन माझा हात कसा फिरतो ते बघत उभे राहायचे. मला जेवण जाईना. शेवटी त्यांनी पहिल्या वडीचा तुकडा पुण्याच्या एका मित्राकडे रासायनिक तपासणीला पाठवला. नोव्हेंबर संपता संपता अहवाल आला. सरांनी तो वाचला, माझ्यापुढे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. वडीत कॅल्शियम होतं. भेसळ होती, आणि थोडीथोडकी नव्हती.

"मुळीकांना बोलवा," सर म्हणाले. "त्या हौसाबाईंनाही."

चौघं सरांच्या खोलीत जमलो. सर बसले होते, आम्ही तिघं उभे.

"कॅल्शियम कुठून आलं?" सरांचा आवाज एकदम खाली होता. "इंगोले, तुम्ही नळाच्या पाण्याने खल धुतलात?"

"नाही सर. ऊर्ध्वपातित पाण्यानेच."

"मुळीक, तुम्ही तंबाखूला चुना लावता."

"अहो सर! मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही!" मुळीक लालबुंद झाले.

सर माझ्याकडे वळले. "हे बघा, हा निष्काळजीपणा तुमच्या हातून झाला असेल, तर मला त्या अर्जावर सही करता येणार नाही. मी मुंबईच्या परिषदेला कळवून बसलोय. माझं काय झालं ते सोडा, पण ज्या विद्यार्थिनीला आपल्या खलात काय आहे ते कळत नाही, तिला आणखी दोन वर्षं कुठल्या तोंडाने मागू?"

खाली फरशी होती, तिच्याकडे मी बघत होते. अकोला दिसत होतं. खाट दिसत होती.

"सर," मी म्हणाले, "खंडेनवमीनंतर मी आले तेव्हा बटर पेपरवर लाल डाग होता. कुंकवाचा असावा. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही."

"कुंकू!" मुळीक ओरडले. "सर, कुंकवात चुनाच असतो. हळदीला चुना लावला की कुंकू होतं. आणि बाजारातल्या कुंकवात तर खडूची पूडही घालतात. पण पूजा मी केली, आणि मी आत गेलो नव्हतो. किल्ली कुणाकडे होती?"

किल्ली कुणाकडे होती ते सगळ्यांना माहीत होतं. मुळीक हौसाबाईंकडे बघत राहिले. आणि मग त्यांनी जे विचारलं त्यात पुडीचा संबंधच नव्हता.

"तुम्ही? तुम्ही कुंकवाला हात लावलात?"

हौसाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "व्हय. म्या टाकलं."

"अहो पण तुम्ही..." मुळीकांना पुढचा शब्द सापडेना. "यांचे यजमान असताना तेच पूजा करायचे, सर. एवढं माहीत असून..."

"समद्या यंत्रांची पूजा झाली," हौसाबाई खाली बघून बोलत होत्या. "भट्टीची झाली, लेथची झाली. ताईंचा खल तेवढा तसाच ऱ्हायला. त्याला कुनी बोट लावलं न्हाई. एवढं राबत्यात त्या. मला वाईट वाटलं. तबकात कुंकू उरलं हुतं, चिमूटभर आनलं. कागुद बाजूला करून खलाच्या काठाला लावाय गेले, तर चिमूट सुटली आन् समदं आत पडलं."

"मग सांगायचं नाही?" सरांनी विचारलं.

"भ्याले साहेब."

सरांनी कपाळाला हात लावला. मग ते माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, "चिमूटभर लाल कुंकू, पिवळ्या पुडीत. इंगोले, तुम्हाला रंग दिसला नाही?"

आता ती मागे ठेवलेली गोष्ट सांगते. मला रंग दिसला होता. एकादशीच्या सकाळी कागद काढला तेव्हा पुडीच्या कडेला नीट न ढवळलेला लाल पट्टा होता. मी त्यात बोट घातलं, बाहेर काढून बघितलं. तर्जनीच्या टोकाला कुंकू. सगळी पूड तिथल्या तिथे टाकून द्यायला हवी होती, पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं ते. पण अडतीस तास घोटलं होतं हो! हाताला फोड आले होते. भट्टीत जळून जाईल, असं मी मनाशी म्हणाले, बत्ता घेतला आणि घोटून घोटून ते कुंकू एकजीव केलं. शंभरपट आकडा आला तेव्हासुद्धा मला आतून ठाऊक होतं. तरी 'शुद्ध, सर' म्हणाले.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आज सांगता येत नाही. हो म्हणणार होते असं मला वाटायला आवडतं.

"ताईस्नी कसं दिसंल साहेब?" हौसाबाई माझ्याआधी बोलल्या. "म्या बत्त्यानं चांगलं ढवळलं, पार मिसळून टाकलं. त्यांची चूक न्हाई त्यात."

सरांनी मान हलवली. अर्ज ओढला, सही केली. "कॅल्शियम तर कॅल्शियम," ते म्हणाले. "आता मोजून घाला. एक टक्का, दोन टक्के, पाच टक्के. निदान तुमचं तरी होऊ दे." त्या एका तासात सर म्हातारे झाले होते.

माझं झालं. कॅल्शियमची भेसळ मोजून मोजून घातली, प्रबंध झाला, त्या प्रबंधावर नोकरी लागली, तीच आजवर करते आहे. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान आहे. त्यात सर आहेत, मुळीक आहेत, हॉस्टेलची मेससुद्धा आहे. हौसाबाई नाहीत.

त्यांची बदली झाली. मुलींच्या हॉस्टेलची न्हाणीघरं धुवायला पाठवलं. मुळीकांनी बायकांच्या चहात काय सांगायचं ते सांगितलं होतंच. हौसाबाईंच्या नणंदेची सून आमच्याच ग्रंथालयात होती, म्हणजे घरीही कळलं असणार. घरी काय झालं ते मी विचारलं नाही.

जायच्या दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. किल्ली टेबलावर ठेवली. मी तोंड धुऊन आल्यासारखं करून रुमालात तोंड खुपसून बसले होते.

"ताई, जाते."

"हौसाबाई, मी त्या दिवशी सरांना..."

"ऱ्हाऊ द्या." त्या दाराला टेकल्या. "मी बगितलं हुतं तुमास्नी."

"काय बघितलं?"

"एकादशीला म्या लवकर आले हुते. म्हटलं, ताईस्नी सांगावं, पाय धरावं. दाराशी आले तर तुमी कागुद काढत हुता. तुमी बोट आत घातलंसा, कुंकू बगितलंसा. म्हटलं, आता वरडतील. आता वतून टाकतील." त्या थांबल्या. इतका वेळ खाली बघणारी ती बाई आता सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. "तुमी कायबी बोलला न्हाईसा. गपचिप घोटाय लागलासा. मी भाईर हुबी राहून हात जोडलं. अकरा वरसं झाली ताई. माज्या हातचं कुंकू कुनी घेतलं न्हवतं. घरच्या पोरीबाळीबी न्हाईत. तुमी घेतलं."

'हौसाबाई, मी तुमचं कुंकू घेतलं नाही हो, मी माझे अडतीस तास वाचवले,' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तिथेच राहिलं.

"म्हनून साहेबास्नी बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी माझा मान ठेवला, मी तुमचा ठेवला. बरं, येते. घोटत ऱ्हावा. आवाज येऊ द्या."

त्या निघाल्या. बादली आज हातात नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसावं, दोन्ही हातांनी पदर धरून चालत होत्या. कॉरिडॉर लांब होता. मी खल पुढे ओढला. त्यात त्या दिवशी पूड नव्हती, काहीच नव्हतं. मी बत्ता उचलला आणि त्या जिना उतरून जाईपर्यंत रिकामाच खल घोटत राहिले.